अडीच किलो आलू

शाळा उघडून दोन आठवडे झाले. (आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. पुण्याच्या बहिणीला हे दरवर्षी नव्याने सांगावं लागतं. तिला वाटतं आम्ही आळशी. एकदा 15 जूनला इथल्या टिनाच्या वर्गात बसून दाखव म्हणावं.) पहिल्याच स्टाफ मीटिंगमध्ये ठरलं की दहावीच्या मुलांसाठी यंदाही मोटिव्हेशनल स्पीकर बोलवायचा. मी हात वर करून विचारलं, मागच्या वर्षीच्यांचा काय उपयोग झाला? उत्तर आलं, "मॅडम, वातावरण तयार होते ना."

वातावरण तयार झालं होतं खरं. मागच्या वर्षी ते सर आले, कॉलरला माईक, सोबत स्वतःचा स्पीकर. सव्वाशे पोट्ट्यांना उभं करून त्यांनी तीनदा "मी करू शकतो" ओरडायला लावलं. शेडमधली कबुतरं उडून गेली. पोरं खूश, हेडसर खूश. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला मी फळ्यावर दोन चलांतलं एक साधं रेषीय समीकरण लिहिलं, आणि काल सगळ्यात मोठ्यानं ओरडलेला मुलगा खिडकीबाहेर पाहत बसला. तो जे करू शकत होता ते हे नव्हतं, एवढं त्याला चांगलं माहीत होतं.

मी गणित शिकवते. पूर्व नागपुरातली अनुदानित मराठी शाळा. वर्गातल्या कोणाचे वडील कळमन्याच्या मार्केटमध्ये हमाली करतात, कोणाचे बुटीबोरीला कंपनीत ठेकेदाराकडे आहेत, कोणाची आई चार घरची धुणीभांडी करते. आमच्या वर्गांबद्दल एक वाक्य सगळेच म्हणतात, स्टाफरूममध्ये आणि पालकसभेतसुद्धा: "या पोट्ट्यांमध्ये शिकायची इच्छाच नाही." मीही ते बरीच वर्षं म्हणत होते. आता म्हणत नाही, त्याचं कारण सांगते.

वर सांगितलेला, खिडकीबाहेर पाहणारा मुलगा. त्याची आई सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात भाजी लावते. मी एका बुधवारी तिथं गेले तर दुकानावर हाच. मला पाहून लाजला, पण धंद्याला चुकला नाही. अडीच किलो आलू घेतले, 28 रुपये किलो. पाव किलो अद्रक, 120 चा भाव. सांभाराची एक जुडी दहाची. (पुण्याच्या बहिणीसाठी: सांभार म्हणजे कोथिंबीर, इडलीसोबतचं नाही.) मी पाचशेची नोट दिली. मी पर्स बंद करेपर्यंत त्याने 390 रुपये हातात ठेवले. कॅल्क्युलेटर नाही, बोटं नाहीत, ओठसुद्धा हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच्या वहीत मी लिहून दिलं: 28 गुणिले 2.5. त्याने मांडलं, हातचे घेतले, दशांश चिन्ह दोन घरं मागे नेलं आणि उत्तर लिहिलं 7.00.

म्हटलं, "काल अडीच किलो आलू मला सात रुपयांत दिले असतेस का रे?"

हसला. म्हणाला, "नाही ना मॅडम. दोन किलोचे छप्पन, अन् अर्ध्या किलोचे चौदा. झाले सत्तर."

"मग इथं सात काहून आले?"

"वहीतलं गणित वेगळं असते मॅडम."

हे वाक्य ऐकून मी त्या दिवशी पुढचा तास नीट घेऊ शकले नाही. अडीचची दोन आणि अर्धा अशी फोड करून गुणणं हा वितरणाचा गुणधर्म आहे. मी तो दरवर्षी फळ्यावर अ, ब, क घालून शिकवते, आणि या पोराला तो आधीपासून येतो. फक्त हेच ते, असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. नऊ वर्षांत. मीही नाही.

नंतर कळलं की यावर मोठा अभ्यासही झालाय. नोबेल मिळालेले अभिजीत बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसोबत कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या हजाराहून जास्त मुलांना तपासलं. तो अभ्यास 2025 मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. बाजारात तोंडी झटपट हिशेब करणारी मुलं वहीतली साधी गणितं सोडवताना अडखळली. मला जास्त टोचली ती उलटी बाजू: शाळेत वहीतलं गणित बरं करणारी मुलं बाजारातल्या हिशेबाला अडखळली. म्हणजे भाजीवाल्याच्या पोरालाच नाही, माझ्या पहिल्या बाकावरच्या मुलीलासुद्धा वहीतलं गणित वेगळंच वाटतं. तिला मार्क पडतात म्हणून आपल्याला दिसत नाही एवढंच.

तर माझं म्हणणं साधं आहे. आधी आवड आणि मग अभ्यास, असं होत नाही. आधी थोडं जमतं, मग आवडतं. ज्याला पाचवीपासून एकही गणित धड सुटलेलं नाही त्याने दहावीत इच्छा आणायची कुठून? रोज 40 मिनिटं आपल्याला न कळणारी भाषा ऐकत बसायचं. आपण मोठी माणसं अशा मीटिंगमध्ये मोबाईल काढतो. पोरं खिडकीबाहेर पाहतात.

आता यावर पालकांचा उपाय ठरलेला असतो. "पंच्याऐंशीच्या वर आण, मोबाईल घेऊन देतो." ऐपत असेल तर गाडी. ऐपत नसलेल्यांचंही काही ना काही असतंच. यात वाईट हेतू नसतो, पण अमेरिकेत रोलंड फ्रायर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने हेच खरे पैसे देऊन करून पाहिलं. न्यूयॉर्कमध्ये चांगल्या मार्कांबद्दल मुलांना रोख पैसे दिले. मार्क वाढले नाहीत. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना एक पुस्तक वाचून त्यावरची छोटी परीक्षा पास केली की दोन डॉलर दिले. तिथं वाचन सुधारलं. मजेशीर भाग पुढेच आहे. ज्यांना मार्कांचे पैसे मिळणार होते त्यांना विचारलं, जास्त पैसे मिळवायला तू काय करशील? पोरं सांगायची, पेपरमध्ये प्रश्न नीट वाचीन. घरी अभ्यास करीन, न कळलेलं सरांना विचारीन, हे फारसं कोणाला सुचलं नाही. पैसे हवे होते, उत्साह होता, वाट माहीत नव्हती. पंच्याऐंशी टक्के हे मुलाच्या हातातलं कामच नाही. आज संध्याकाळी दोन पानं वाचणं हे त्याच्या हातात आहे.

हे वाचलं तेव्हा मला माझी पहिली नोकरी आठवली. 2002, उमरेड तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, मी शिक्षणसेवक, मानधन महिना 3,000. तेव्हा पहिली ते चौथीच्या गरीब घरच्या मुलींना शाळेत आल्याचा उपस्थिती भत्ता होता, दिवसाला 1 रुपया. वर्षाचे जास्तीत जास्त 220. ही योजना 1992 पासूनची, आणि मी होते तेव्हाही तो रुपयाच होता. आम्ही शिक्षक त्याची टिंगल करायचो, रुपयात काय येतं म्हणून. पण तिसरीतली एक मुलगी रोज हजेरी झाली की टेबलाशी येऊन विचारायची, "बाई, माहा आजचा रुपया मांडला काय?" तिला रुपयाचं काय येतं याच्याशी घेणं नव्हतं. आज आले आणि ते कुठेतरी मांडलं गेलं, एवढंच तिला पाहायचं असायचं. ती पावसाळ्यात नाला भरला तरी वरच्या पुलावरून वळसा घालून यायची. सगळ्याच यायच्या असं नाही. धान रोवणीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा असायचा, रुपया असो की नसो.

शहरात आता असं मांडणारं कोणी नाही. इथं सगळं निकालाशी बांधलेलं. मे महिन्यात शंकरनगर चौकापासून लॉ कॉलेज चौकापर्यंत जाऊन पाहा. कोचिंगवाल्यांची होर्डिंग, त्यावर पासपोर्ट फोटोतली पोरं, खाली पर्सेंटाइल. दिव्या देशमुखने 2025 च्या जुलैत बटुमीला महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला तेव्हा मला अभिमानाने भरून आलं, आपल्या नागपूरची 19 वर्षांची मुलगी. आमच्या कॉलनीतल्या चार घरांनी त्याच महिन्यात पोरांना चेसच्या क्लासला घातलं. दिवाळीच्या सफाईत त्यातले दोन बुद्धिबळाचे पट माळ्यावर गेले. त्या पोरांना कोणी हरू दिलं नसणार पुरेसं. असो.

निकालाचं एक उदाहरण देते, कारण नागपूर विभागाचा आकडा लागला की दरवर्षी आपल्या पोरांच्या नावाने गळे काढले जातात. 2018 ला राज्याचा दहावीचा निकाल 89.41 टक्के होता. 2019 ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेने द्यायचे अंतर्गत गुण काढले, निकाल 77.10 वर आला. नागपूर विभाग राज्यात सगळ्यात खाली, 67.27. 2020 ला ते गुण परत आले, राज्याचा निकाल 95.30. आता मला सांगा, या तीन वर्षांत पोरांची इच्छाशक्ती आधी खाली गेली आणि मग वर आली का? पोरं तीच, मास्तर तेच. आकडा कशाने हलतो ते आम्हाला स्टाफरूममध्ये माहीत असतं. आम्ही बाहेर बोलत नाही.

आणि जे खरंच कोणी बोलत नाही ते लिहूनच टाकते. शाळेच्या गेटवर '100 टक्के निकालाची परंपरा' असा बॅनर पाहिला की मी आधी विचारते, नववीत किती होते? कारण नववीत कच्च्या पोरांच्या पालकांना बोलावून सांगायचं असतं, "याचा सतरा नंबरचा फॉर्म भरून टाका, बाहेरून बसू द्या, वर्ष वाया जाणार नाही." नियमित विद्यार्थी म्हणून तो शाळेच्या यादीतून गेला की शाळेचा निकाल स्वच्छ. ज्याला सगळ्यात जास्त शाळेची गरज, तोच शाळेबाहेर. मी काम केलेल्या एका शाळेत एका वर्षी असे सहा फॉर्म भरले गेले. त्यातल्या दोघांच्या घरी मीच समजवायला गेले होते. एकाच्या आईने चहा ठेवला, पोराला आतून बोलावून मला नमस्कार करायला लावला, आणि मी तिला सांगितलं की हे त्याच्या भल्याचंच आहे. तो मुलगा पुढे परीक्षेला बसलाच नाही. आता नंदनवनला एका गॅरेजमध्ये असतो, मला पाहिलं की अजूनही हात जोडतो. मी त्या रस्त्याने जायचं टाळते.

आठवीपर्यंत नापास न करण्याच्या धोरणावर पुष्कळ भांडून झालंय. आता पाचवी आणि आठवीला पुन्हा परीक्षा आली. माझं मत विचाराल तर, नापास केल्याने अपूर्णांक येत नाहीत आणि पास केल्यानेही येत नाहीत. ते शिकवल्याने येतात, आणि त्याला वेळ लागतो. तो वेळ ऑनलाइन माहिती भरण्यात, निवडणुकीच्या याद्यांत आणि खिचडीच्या हिशेबात जातो, हे वेगळं सांगायला नको.

मी काय करते ते सांगते. फार मोठं नाही. दहावीतली कच्ची अकरा मुलं मागच्या वर्षी घेतली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एक तास. प्रत्येकाला एक वही, रोज पाच गणितं. त्यातली दोन अशी की त्याला नक्की येणारच. हे मी मुद्दाम करते, आणि यावर स्टाफरूममध्ये माझी थट्टा होते, "दहावीच्या पोराले चौथीची बेरीज?" हो, चौथीची. एक जरा अवघड, एक बाजाराच्या भाषेतलं, आणि एक पुस्तकातलं, जसंच्या तसं. बरोबर आलं की चूक, याची सही नाही. पाचही मांडली असतील तर सही. चुकलेलं तिथंच बसून सोबत पाहायचं, लाल पेन बाजूला ठेवून.

पहिले तीन आठवडे काहीच झालं नाही. वह्या यायच्याच नाहीत. मग भाजीवालीच्या त्या पोराने अर्थनियोजनाच्या प्रकरणातलं जीएसटीचं एक गणित स्वतःहून सोडवून आणलं. शेकडा 18 काढताना त्याने आधी दहा टक्के काढले, मग पाच, मग तीन, आणि बेरीज मारली. पुस्तकात अशी रीत नाही. त्याने दुसऱ्याला दाखवली, दुसऱ्याने तिसऱ्याला. डिसेंबरपर्यंत सात मुलं न बोलावता थांबायला लागली. एकदा मीच विसरून घरी निघाले तर गेटवर अडवलं, "मॅडम, आज वही नाही पाहून राहिले का?"

चौघं आलीच नाहीत. एकाला कामाला लावलं, एकीचं लग्न ठरत होतं म्हणे (सोळावं वर्ष, मी चाइल्डलाइनला फोन केला, त्यावरून जे झालं ते पुन्हा कधी), दोघांना मी जिंकू शकले नाही. त्यांना काय अडत होतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. खिडकीवाल्याला गणितात 46 पडले. होर्डिंगवर जाणारा आकडा नाही तो. निकालाच्या दिवशी त्याने मला फोन करून मार्क सांगितले नाहीत, आधी विचारलं की भाग दोनमधलं ते वर्तुळाचं गणित कसं होतं, कारण ते त्याला अर्धंच आलं होतं आणि दोन दिवस डोक्यात घोळत होतं. मी रस्त्यात होते, गाडी बाजूला घेऊन फोनवर आकृती समजावली. मार्क मीच विचारले.

स्पीकर यंदाही येणारच आहेत, ऑगस्टमध्ये, त्यांचं मानधन ठरलंय. त्या पैशात किती वह्या आल्या असत्या तो हिशेब मी मीटिंगमध्ये सांगितला. कोणी हसलं नाही, पण ठरावही बदलला नाही.

या वर्षी चौदा मुलं आहेत. माझ्याकडून एकटीने चौदा वह्या एका तासात पाहून होत नाहीत. नंदनवन, सक्करदरा, वाठोडा या बाजूला राहणारं कोणी शनिवारी दुपारी एक तास येऊ शकत असेल तर सांगा. गणिताची पदवी नको, आठवीपर्यंतचं येत असेल तरी चालेल. भाषण मात्र देऊ नका, प्लीज. आणि ऑफिसमधून पाठकोरे कागद मिळत असतील तर गठ्ठा बांधून ठेवा, मी येऊन घेऊन जाईन. पेन नकोत, ते मागच्या वर्षीचे भरपूर उरलेत.