“कॅमेरा आपोआप सेट होते” म्हणे! अडासवाल्या गाडीच्या काचेचा फॉरवर्ड

नागपुरातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला. अडास म्हणजे समोरच्या काचेमागच्या कॅमेऱ्याने रोड पाहून गाडीला लेनमधे ठेवणारी, वेळेवर ब्रेक मारणारी यंत्रणा. मेसेजचं सार असं, की अडासवाल्या गाडीची समोरची काच बदलली तर कॅमेरा चालता चालता आपोआप शिकते, डॅशबोर्डवर वॉर्निंग लाइट नसला तर सगळं ओके, आपल्या रोडवर ते फीचर तसंही वापरतो कोण, आणि कॅलिब्रेशनचं (कॅमेरा परत नीट जुळवून घ्यायचं) बिल म्हणजे निव्वळ लूट. चार गोष्टी, त्यातल्या साडेतीन चूक.

आपोआप शिकते हे आलं टेस्लावरून. त्यांचे कॅमेरे खरंच चालता चालता जुळतात, मॅन्युअलमधे साधारण ३२ ते ४० किलोमीटर लिहिलंय, आणि तेवढं होईपर्यंत ऑटोपायलट, म्हणजे त्यांची गाडी चालवायला मदत करणारी सिस्टीम, मिळत नाही. पण आपल्याकडे दारात उभी असते एक्सयूव्ही ७००, नाहीतर हॅरियर, टेस्ला नाही ना भाऊ. बाकी बहुतेक कंपन्यांच्या गाडीत तिच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून कॅलिब्रेशन सुरू करावं लागते, मग कुठे समोर खुणांचा बोर्ड ठेवून, कुठे रोडवर चालवून, कुठे दोन्ही. मेकॅनिक आउटर रिंग रोडवर एक चक्कर मारून येतो ते पाहून लोकायला वाटते चालवली की झालं, त्याच्या बाजूच्या सीटवरचा स्कॅनर कोणी पाहत नाही.

बोर्डवालं काम एकदा उभं राहून पाहा राजेहो. आधी टायरची हवा बरोबर, डिक्कीतलं सामान बाहेर, मग गाडीच्या मधल्या रेषेवरून लेझर मारून बोर्डाचं अंतर आणि उंची मिलिमीटरमधे मोजतात. फरशी एकदम लेव्हल लागते, म्हणून वॉशिंगच्या जागेवर हे होत नाही, तिथे पाणी नालीकडे जावं म्हणून उतार दिलेला असतो. आणि गल्लीतला काचवाला “दहा मिनिटात करून देतो” म्हणते! अजून काचेला लावलेलं चिकटवण सुद्धा वाळलं नसते. वरून स्वस्त काचेवर कॅमेऱ्याचं ब्रॅकेटच जरासं तिरकं चिकटवलेलं निघालं तर कॅलिब्रेशन पासच होत नाही, मग शिव्या वर्कशॉपला.

आता लाइटचं. लाइट लागते कॅमेरा झाकला गेला, वायर निघाली किंवा त्याची जुळणी खूपच बिघडली तर. थोडासा तिरका असला तर त्याला स्वतःला काही कळत नाही, तो आपल्या हिशोबाने बरोबरच पाहत असतो. कॅरममधे स्ट्रायकर केसभर तिरका सुटला की समोरच्या कोपऱ्यात जाईस्तोवर किती हुकते, तसंच. १ अंश चुकला तर १०० मीटरवर पावणेदोन मीटरचा फरक, म्हणजे जवळपास अर्धी लेन. समृद्धीवर १२० च्या लिमिटमधे ते १०० मीटर तीन सेकंदात संपतात. बाजूच्या लेनमधला ट्रक गाडीला समोर वाटला तर ती फुकटचा ब्रेक मारेल, आणि समोरचा बाजूला वाटला तर मारणारच नाही, हे जास्त वाईट.

वापरतो कोण? बर्डीच्या गर्दीत लेन असिस्ट तुम्ही बंद ठेवता, ठीकच आहे. पण आपोआप ब्रेक लागणारं फीचर बहुतेक गाड्यात स्टार्ट मारली की चालूच असते, अन् पाहते तोच कॅमेरा. 

उरली लूट, तर इथे मेसेज अर्धा खरा आहे. वायपर ब्लेड बदलले, कॅमेऱ्यापासून दूर गिट्टी लागून झालेला बारका टवका भरून घेतला, आणि बिलात कॅलिब्रेशन लावलं तर काहून म्हणून विचारायचं. काच बदलली, कॅमेरा खोलला, समोरून ठोकली, रडार असलेला बंपर काढला, तर खर्च बरोबर आहे. इन्शुरन्स क्लेमच्या एस्टिमेटमधे काचेसोबत तो आधीच लिहून घ्या, मागून सर्व्हेअरशी वाद घालण्यात मजा नाही. आणि काम झाल्यावर स्कॅनरचा आधीचा आणि नंतरचा रिपोर्ट मागा. “झालं ना साहेब, टेन्शन नका घेऊ” म्हणून नुसती चावी हातात देत असतील तर त्या आयटमचे पैसे थांबवा.