उणे आकड्याचं वावडं

कमांड लाइनवरचे, म्हणजे प्रोग्राम चालवताना टाइप करायच्या ओळीतले, पर्याय वाचणाऱ्या एका लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) बग सापडला. लायब्ररीचं नाव घेत नाही. ती सांभाळणारी माणसं फुकट राबतात, त्यांच्यावर राग काढणं बरं नाही. राग आहे, ही गोष्ट वेगळी.

भानगड एवढीच. पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) ०.०००१ सरळ छापतो, पण ०.००००१ आला की '१ई-०५' असा शास्त्रीय थाट करतो. माझी एक स्क्रिप्ट असले आकडे छापते, दुसरी ते '--ऑफसेट' (मोजमापातली दुरुस्ती) या पर्यायापुढे घेते. उणे पाच दिलं तर लायब्ररी गुमान घेते. '-१ई-०५' दिलं की तिचं डोकं फिरतं. सुरुवातीला डॅश, मध्ये अक्षर, म्हणजे हा नवा पर्यायच! वर मलाच सुनावते, 'ऑफसेटला किंमत दिलेली नाही.' अगं, तुझ्या पुढ्यात तर ठेवलीये!

लायब्ररीच्या पानावर रीतसर फॉर्म भरून तक्रार टाकली. सांभाळणारं कुणी यायच्या आत एक भलतेच गृहस्थ उगवले. प्रोफाइलला बेडूक.

"आधी दोन डॅश द्या."

म्हटलं, साहेब, दोन डॅशनं पर्यायच संपतात. मला ऑफसेटला किंमत द्यायचीय, तो उपाशीच राहतो.

"माझ्याकडे चालतंय." सोबत स्क्रीनशॉट. त्यात आकडा होता अधिक पाच.

"पण उणे कशाला हवंय?"

सेन्सर किंचित जास्त दाखवतो, तेवढं वजा करायचंय.

"मग सेन्सर बदला." आणि मग ब्रह्मास्त्र : "इतका बारीक आकडा म्हणजे शून्यच की हो. शून्य द्या!"

या वाक्याला लोकांनी अंगठे दिले. माझ्या तक्रारीला एकही नाही.

१९८५ साली एटीअँडटीनं 'गेटऑप्ट' या पर्याय वाचणाऱ्याच जुन्या फंक्शनचा कोड सगळ्यांना खुला केला. अमुक पर्यायाला किंमत लागते एवढं त्याला सांगितलं, की पुढचा शब्द तो मुकाट उचलतो, मग त्याला डॅश असो नाहीतर शेपूट. आता आपण सुधारलो, आता लायब्ररी अंदाज बांधते. अंदाज बांधणारे ऑफिसात काय कमी होते?

पुढे बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, आला. 'बरेच दिवस हालचाल नाही' म्हणून तक्रार बंद. हालचाल कुणी करायची होती? बग तर जागचा हललेला नव्हता. मध्ये जागा न सोडता बरोबरचं चिन्ह लावलं की '--ऑफसेट=-१ई-०५' बिनबोभाट चालतं, हे मला अशाच एका जुन्या, बंद तक्रारीच्या तळाशी सापडलं. पुढच्या माणसाचा जीव वाचावा म्हणून ते माझ्या तक्रारीखाली लिहायला गेलो, तर चर्चेला कुलूप. शेवटची कॉमेंट बेडकाची :

"सुटला ना प्रश्न?"