बिक्स कुठे उभी आहे

‘अँडॉर’ या मालिकेचे शेवटचे तीन एपिसोड १४ मे २०२५ला आले, तेव्हा भारतात सकाळचे साडेसहा वाजले होते आणि इथे लंडनमध्ये रात्रीचे दोन. नाशिकला माझ्या धाकट्या भावाने आणि भावजयीने ऑफिसला उशिरा येतो असं कळवून ते लगेच बघून टाकले. मी संध्याकाळी कामावरून आले, लेकीला झोपवलं आणि मग बघायला बसले. सगळं संपल्यावर फोन हातात घेतला तर भावाचे मिसकॉल येऊन पडले होते. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, तरी दोघं जागेच होते आणि त्यांचं भांडण अजून मिटलं नव्हतं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१६च्या ‘रोग वन’ या ‘स्टार वॉर्स’मधल्या सिनेमात जुलमी साम्राज्याविरुद्ध लढणारा कॅसियन अँडॉर नावाचा बंडखोर हेर मरतो. तो तिथवर कसा पोचला याची ही मालिका. टोनी गिलरॉय यांनी ती दोन सीझनमध्ये सांगितली, २०२२ आणि २०२५, प्रत्येकी बारा एपिसोड. कॅसियनचं काय होणार हे सगळ्यांना आधीच माहीत असल्यामुळे वाद त्याच्यावरून नाहीच. वाद आहे तो अगदी शेवटच्या दृश्यावरून. कॅसियन शेवटच्या कामगिरीवर निघतो. तिकडे मिना-राऊ नावाच्या ग्रहावर, पिवळ्या पिकाने भरलेल्या शेतात, त्याला सोडून गेलेली त्याची जोडीदार बिक्स उभी असते. तिच्या हातात तान्हं बाळ असतं. बाळ कॅसियनचं, पण त्याला ते कधीच कळणार नाही.

भावजयीचा राग मला लगेच समजला. तिचं म्हणणं असं की बिक्स ही यंत्रं दुरुस्त करणारी, स्वतःचं दुकान चालवणारी बाई. साम्राज्याने तिचा छळ केला आणि छळ करणाऱ्या डॉक्टरचा हिशेब तिने स्वतः चुकता केला. एवढं सगळं करून शेवटी तिच्या हातात काय दिलं, तर मूल. “ताई, आपल्याकडच्या मालिकांत हेच होतं. बाई कितीही कर्तबगार असू दे, तिची गोष्ट डोहाळजेवणावर येऊन संपते. मी इतकी वर्षं ही मालिका जीव लावून बघितली ती यासाठी नाही.” हे ती पडद्यापुरतं बोलत नव्हती. तिला घरात, नात्यात, लग्नाकार्यात रोज काय ऐकावं लागतं ते मला माहीत आहे. भावाचं म्हणणं, की सगळे मरणार असताना काहीतरी मागे उरतं, त्या दृश्याने त्याला रडवलं, त्यात चूक काय? त्याच्या एका मित्राने तर “त्याचं नाव पुढे चालेल” असं म्हणून भावजयीच्या रागात भरच घातली.

मी दोघांचं ऐकून घेतलं. माझं म्हणणं वेगळंच आहे, आणि नाशिकला असते तर कदाचित ते मला सुचलं नसतं. बाळाकडे बघता बघता ती कुठे उभी आहे हे दोघांच्याही नजरेतून सुटलं.

दुसऱ्या सीझनच्या पहिल्या तीन एपिसोडचा बराच भाग याच मिना-राऊवर घडतो. बिक्स आणि तिचे साथीदार विल्मन आणि ब्रासो तिथे शेतमजूर आणि मिस्तरी म्हणून लपून राहतात. शेतमालकाला माणसं हवी असतात म्हणून तो त्यांना सांभाळून घेतो. पण त्यांच्याकडे व्हिसा नसतो. आणि एक दिवस साम्राज्याची तपासणी येते, धान्याची मोजदाद आणि जोडीला माणसांच्या कागदांची. एक अधिकारी बिक्सला एकटी गाठतो. तिच्याकडे कागद नाहीत हे त्याला ठाऊक आहे, आणि त्या जोरावर तो तिच्याकडून काय मागतो हे मालिका आडपडदा न ठेवता सांगते. बिक्स झुंजते, त्याला मारते. पळताना ब्रासो मरतो. अवकाशयानांच्या गोष्टीत ‘व्हिसा’ हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा माझ्या हातातला घास हातातच राहिला होता. भावाला मात्र ते तीन एपिसोड संथ वाटले होते. “मूळ कथा नंतर सुरू होते,” असं तो एप्रिलमध्ये मला म्हणाला होता.

आता माझ्याकडचं सांगते. शेवटचे एपिसोड बुधवारी आले. त्याच आठवड्यात सोमवारी, १२ मेला, इथल्या सरकारने स्थलांतराबद्दलची श्वेतपत्रिका काढली होती. कामाच्या व्हिसावर आलेल्यांना तेव्हा पाच वर्षांनी कायम राहण्याचा अर्ज करता येत होता. ती मुदत साधारणपणे दहा वर्षं करावी असा प्रस्ताव त्यात होता. पंतप्रधान किअर स्टार्मर त्या दिवशी म्हणाले की हा देश ‘अनोळखी माणसांचं बेट’ होण्याचा धोका आहे. दुपारी ऑफिसात आम्ही चौघी-पाचजणी डबा खायला बसलो होतो आणि सगळ्या मनातल्या मनात वर्षं मोजत होतो. आमचं ऑफिस बार्बिकनजवळ आहे. मालिकेतल्या साम्राज्याच्या राजधानीचं, कोरसंटचं, काही चित्रीकरण याच बार्बिकनच्या काँक्रीटच्या इमारतींत झालंय. भाऊ इथे आला होता तेव्हा त्याने तिथल्या प्रत्येक जिन्यावर फोटो काढून घेतले होते.

याआधी, घर बदलताना, घरं भाड्याने देणाऱ्या एका एजंटच्या ऑफिसात मी लेकीला मांडीवर घेऊन बसले होते. आता हातात व्हिसाचं प्लास्टिकचं कार्ड नसतं, सगळं ऑनलाइन. इथे राहण्याचा हक्क आहे हे दाखवायला आपण नऊ अक्षर-अंकांचा शेअर कोड काढून द्यायचा, तो नव्वद दिवस चालतो. समोरच्या माणसाने तो टाकला आणि म्हणाला, जुळत नाही. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवली नाही. माझ्याशी बोलणं थांबवून तो शेजारच्या टेबलावरच्या बाईशी हळू आवाजात बोलू लागला. लेक त्याच्या टेबलावरचं पेन ओढत होती आणि मी तिचा हात घट्ट धरून ठेवला होता, जणू पेन पडलं असतं तर आमचं काही खरं नव्हतं. वीस मिनिटांनी कळलं की जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटा पडला होता. तो “सॉरी” म्हणाला, चावीची तारीख दिली. सगळं कायदेशीर होतं, माझे कागद पक्के होते, माझ्यावर कुणी हात टाकला नव्हता. बिक्सवर जे गुदरलं त्याच्याशी याची बरोबरी मी करणार नाही. पण मांडीवर मूल असताना आपण इथे राहायचं की नाही हे दुसऱ्याच्या टेबलावर ठरतं, तेव्हा पोटात काय होतं ते मला त्या दिवशी कळलं.

म्हणून त्या शेवटाला ‘बाई संसारात रमली’ म्हणणं मला पटत नाही. साम्राज्य अजून जागेवर आहे. तिच्याकडे व्हिसा आला असं मालिका कुठेही सांगत नाही. जिथे तिच्यावर हल्ला झाला, जिथे ब्रासो मेला, त्याच शेतात ती परत गेली आहे, कारण तिला सांभाळून घेणारी माणसं तिथेच होती. पुढची तपासणी येईल तेव्हा एकटीने पळायचं नाही, बाळाला घेऊन पळायचंय. हे डोहाळजेवण नव्हे. मूल कडेवर घेऊन, कागदांशिवाय, परक्याच्या शेतात उभी असलेली बाई आहे ती. त्या दृश्याने मला धीर दिला तो याच कारणाने.

भावजयीचा एक मुद्दा मात्र मला खोडता आला नाही आणि खोडायचाही नाही. नवव्या एपिसोडमध्ये बिक्स रेकॉर्ड केलेला निरोप ठेवून निघून जाते. कॅसियन बंड सोडायला निघालेला असतो, त्याने बंडातच राहावं म्हणून. निर्णय तिचा, पण कारण सगळं त्याचं. त्यानंतर शेवटच्या दृश्यापर्यंत ती दिसतच नाही. गिलरॉय यांच्या मनात आधी पाच सीझन होते. ते दोनात बसवताना दुसऱ्या सीझनमध्ये दर तीन एपिसोडला एक वर्ष उलटतं, आणि या काटछाटीची झळ सर्वांत जास्त बिक्सला बसली. ती परत तिथवर कशी पोचली, पहिल्या रात्री कुणी दार उघडलं, बाळंतपण कुणी केलं, हे मला बघायचं होतं. एक अख्खा एपिसोड त्यावर हवा होता. तो असता तर भावजयीला तो शेवट डोहाळजेवणासारखा वाटला नसता, असं मी तिला म्हणाले. ती म्हणाली, “वाटला नसता कदाचित. पण तो नाहीये ना, ताई. जे दाखवलं त्यावरच मी बोलणार.” बरोबर आहे तिचं.

मी तिला एवढंच सुचवलं की पहिले तीन एपिसोड पुन्हा बघ आणि लगेच त्याला जोडून शेवटचं दृश्य बघ. रविवारी तिचा फोन आला. शेवटाबद्दलचं मत तिने बदललेलं नाही, हे तिने आधीच सांगून टाकलं. मग थोडा वेळ ती गप्प राहिली आणि तिने विचारलं, “ताई, ते पाचाचं दहा करणार होते, त्याचं पुढे काय झालं? तुम्हाला लागू होणार का ते?”

अजून ठरलेलं नाही, असं मी तिला सांगितलं.