पार्क आणि क्रूझ लागोपाठ कशाला??

दर सुट्टीत तेच. सिंगापूरचं पॅकेज बघावं तर युनिव्हर्सल स्टुडिओचं थीम पार्क आणि क्रूझ लागोपाठच्या दिवशी चिकटवलेलं, आणि वर लिहिणार 'फॅमिली स्पेशल'! अरे, घरात तीन-चार वर्षांची पोरं असलेल्या कुणाला विचारलं होतंत का? दिवसभर त्या दमट उकाड्यात लायनीत उभं राहायचं, ट्रान्सफॉर्मर्स राइडला किमान उंची १०२ सेंटीमीटर, ममी राइडला १२२, म्हणजे पोरगं दारातच भोकाड पसरणार आणि आईबाप आळीपाळीने राइड घेणार, रात्री हॉटेलवर पोचेपर्यंत पोरं खांद्यावर झोपलेली, आणि सकाळी त्यांनाच उठवून बॅगा भरा, चेकआउट करा, क्रूझ टर्मिनलवर परत लाईन, इमिग्रेशन, वर ती जहाजावरची सेफ्टी ड्रिल. पोरं किरकिरणार नाहीत तर काय करतील? बरं डायपरवाल्या बाळांना बहुतेक जहाजांवर मोठ्या पूलमध्ये उतरूच देत नाहीत, किड्स क्लबही बऱ्याच ठिकाणी तीन वर्षांपासून, हे बुकिंगच्या वेळी कोणी तोंडातून काढत नाही. मधे एक मोकळा दिवस ठेवा ना, नुसतं झोपायला आणि वरणभात खायला! तो मागितला की म्हणे एक्स्ट्रा नाइटचे पैसे पडतील. लहान मुलांच्या नावावर विकता ना, मग त्यांच्या झोपेचा हिशोब तुम्हीच करायला हवा.