आकाश काळं केलं, म्हणजे खोटं केलं का?

नमस्कार.

अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सच्या ‘मूनराइज, हर्नांडेझ’ या छायाचित्रावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. तुमचं म्हणणं असं, की या माणसाने डार्करूममध्ये, म्हणजे प्रती छापायच्या अंधाऱ्या खोलीत, आकाश काळं केलं, म्हणजे ती फसवणूकच. मग त्याला थोर म्हणायचं आणि आज फोटोशॉप वापरणाऱ्या पोरांकडे संशयाने बघायचं, हे कसं? शिवाय जग युद्धात होरपळत असताना तो डोंगर आणि चंद्र टिपत बसला. आणि एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघत असताना प्रत्येक प्रतीला कलाकृतीचा भाव कशासाठी? शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘भारावून लिहिणं सोपं असतं.’ ते वाक्य मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

एक चूक आधी कबूल करतो. ‘एका सेकंदात जन्मलेलं छायाचित्र’ असं मी लिहिलं होतं. एका सेकंदाचं होतं ते एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर उजेड पडू देणं. छायाचित्राचं काम त्यानंतर कितीतरी वर्षं चालू राहिलं, आणि तुमचा आरोप नेमका त्या वर्षांवर आहे.

१ नोव्हेंबर १९४१. न्यू मेक्सिकोत दिवसभर मनासारखं काही मिळालं नाही म्हणून ॲडम्स सांता फेकडे परत निघाला होता. गाडीत आठ वर्षांचा मुलगा मायकल आणि मित्र सेड्रिक राइट. रस्त्याकडेला हर्नांडेझ गाव दिसलं. मागे बर्फाचे डोंगर, वर चंद्र, आणि मावळतीचं शेवटचं ऊन दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर. घाईघाईने आठ बाय दहा इंचांचा कॅमेरा उभा केला, तर प्रकाश मोजायचं मीटरच सापडेना. तेव्हा त्याला आठवलं, की चंद्राची प्रखरता दर चौरस फुटाला २५० कँडल (प्रकाश मोजायचं एकक) धरतात. त्यावरून जागच्या जागी हिशोब केला: भिंगाचं छिद्र एफ ३२ इतकं बारीक, वेळ एक सेकंद. दुसऱ्या फिल्मसाठी फिल्मची चौकट (होल्डर) उलटी करेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. निगेटिव्ह राहिली ती एकच.

चंद्रावरून हिशोब धरल्यामुळे चंद्र सांभाळला गेला, पण खालचं गाव निगेटिव्हवर फार पातळ, म्हणजे फिकं, आलं. अशी निगेटिव्ह छापताना नाकी नऊ येतात. १९४८ मध्ये त्याने तिचा खालचा भाग पुन्हा रसायनात धरून गडद करून घेतला; निगेटिव्हवर जे गडद, ते प्रतीत उजळ येतं. जगात एकच असलेली निगेटिव्ह पुन्हा रसायनात घालायची, याला काय छाती लागत असेल! मी तीनदा विचार केला असता आणि नसतीच घातली. सुरुवातीच्या प्रतींमध्ये आकाश राखाडी आहे, ढगांचे फिके पट्टे दिसतात. नंतरच्या प्रतींमध्ये ते जवळजवळ काळंभोर होत गेलं. तुम्ही म्हणता तो ‘पुरावा’ हाच.

आता हे काळं करणं म्हणजे नक्की काय, ते माझ्या अनुभवातून सांगतो. पुण्यात नारायण पेठेतल्या आमच्या घराची मागची न्हाणी हीच माझी डार्करूम. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये खडकवासल्यातून सोडलेलं पाणी ओसरल्यावर मी पहाटे नदीवरच्या भिडे पुलावर गेलो होतो. पुलाच्या कडेला जलपर्णीचा ढीग अडकला होता आणि त्यात कुणाचं तरी लुगडं पिळा बसून गुंतलं होतं. फिल्मवर ते आलं, पण सरळ छापलं तर नुसता करडा चिखल. जलपर्णीतून लुगड्याची किनार वेगळी निघेना. पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडलं आणि एन्लार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली) तो पुठ्ठा हलवत ठेवून फक्त भोवतीच्या पाण्याला आणखी आठ सेकंद उजेड दिला. हात स्थिर ठेवला तर कडेला डाग पडतो, जास्त हलवला तर किनारच झाकोळते. अकरावा कागद जमला. म्हणजे ओला असताना जमला असं वाटलं. वाळल्यावर कागद आणखी गडद होतो, त्यामुळे सकाळी बघितलं तर किनार बुडालेली. ॲडम्स तर नमुन्याच्या पट्ट्या मायक्रोवेव्हमध्ये वाळवून बघायचा, ते याच कारणासाठी. मी दुसऱ्या रात्री सहा सेकंदांवर आलो.

त्या लुगड्यावर मी काही चढवलं नाही. मी पुलावर उभा असताना मला जे आधी दिसलं, ते बघणाऱ्यालाही आधी दिसावं, एवढीच खटपट होती.

ॲडम्स पियानोवादक व्हायला निघालेला माणूस. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे तिचं सादरीकरण, असं तो म्हणायचा. आपण पुणेकरांना हे समजायला अवघड जाऊ नये. सवाईत बंदिश असते दोन ओळींची. तीच बंदिश गवई तिशीत एक मांडतो आणि साठीत वेगळी मांडतो. आपण त्याला ‘मूळ बंदिश बिघडवली’ म्हणत नाही, कारण बढत, म्हणजे बंदिश फुलवत नेणं, हेच गाणं असतं. ‘मूनराइज’चं काळं होत गेलेलं आकाश मला तसं दिसतं. आणि फसवणूक करणारा माणूस आपलं काम लपवतो. ॲडम्सने काय काय केलं, ते स्वतःच्या पुस्तकांत लिहून ठेवलंय.

तरीही तुमच्या बाजूचा खरा पुरावा तुम्ही दिलाच नाहीत, तो मीच देतो. कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन गावाच्या हिवाळी सूर्योदयाचं त्याचं प्रसिद्ध छायाचित्र आहे. तिथल्या शाळेच्या मुलांनी टेकडीवर पांढऱ्या दगडांनी ‘एल पी’ अशी मोठी अक्षरं रचली होती. ॲडम्सने ती चित्रातून काढून टाकली. निसर्गावरचा ओरखडा कशाला जपायचा, अशी त्याची भूमिका होती. मला ही भूमिका पटत नाही. अक्षरं तिथे होती, मुलांनी घाम गाळून केली होती. उजेड कमीजास्त करणं आणि वस्तू पुसणं यांच्यामध्ये माझ्यासाठी रेघ आहे, आणि इथे त्याने ती ओलांडली. फोटोशॉपबद्दलही माझं हेच मत आहे. स्लायडर ओढून आकाश गडद करणारा आणि पुठ्ठा हलवणारा एकच काम करतात, आणि माझं रंगीत काम मीही कम्प्युटरवरच करतो. पण एक बटण दाबून दुसऱ्याच दिवसाचं आकाश आणून बसवलं, तर मात्र ते छायाचित्र मला नको.

युद्धाचं म्हणाल, तर तुमची माहिती अपुरी आहे. लोन पाइनचं ते छायाचित्र त्याने काढलं, तेव्हा तो जवळच्या मँझनार छावणीत काम करत होता. अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना तिथे डांबलं होतं. ॲडम्सने १९४३ पासून त्यांची छायाचित्रं काढली आणि १९४४ मध्ये, युद्ध चालू असताना, ‘बॉर्न फ्री अँड ईक्वल’ नावाचं पुस्तक काढलं. ते चेहरे मला जरा जास्तच प्रसन्न वाटतात, छायाचित्रकार डोरोथिया लँगने १९४२ मध्ये त्याच छावणीत केलेलं काम अधिक अंगावर येतं, हे खरं. पण तो बसून राहिला नव्हता. आणि नुसत्या डोंगरांचं सांगायचं, तर सिएरा नेवाडाच्या छायाचित्रांचं त्याचं १९३८ चं पुस्तक राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टपर्यंत पोचलं आणि १९४० मध्ये त्याच डोंगरांतल्या किंग्ज कॅन्यनला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. डोंगराचे फोटो काढून काय होतं, हा प्रश्न आपल्या पुण्याची वेताळ टेकडी वाचवायला इतकी वर्षं झगडणाऱ्यांना विचारा.

राहिला पैशांचा मुद्दा. ‘मूनराइज’च्या १३०० हून जास्त प्रती त्याने केल्या. तुम्हाला वाटतं छापखाना चालला असेल. मला दिसतो तो अंधारात उभा असलेला म्हातारा होत चाललेला माणूस, दर कागदाला आकाशावर तेच पुठ्ठे, तेच सेकंद मोजणं. आयुष्याचा मोठा काळ त्याचं घर जाहिरातींच्या आणि कंपन्यांच्या कामांवर चाललं. माझं घर बावीस वर्षं मंगल कार्यालयांवर चाललंय. सप्तपदीचे फोटो मी मन लावून काढतो, त्यात मला कमीपणा वाटत नाही. पण त्या भिडे पुलाच्या प्रिंटचे मी नऊ हजार घेतो, तेव्हा गिऱ्हाईक कागदाचे पैसे देत नसतं. वाया गेलेले अकरा कागद, दोन रात्री, आणि कागद तासभर धुवायला पावसाळ्यातल्या गढूळ नळाचं गाळून घेतलेलं पाणी, हे सगळं त्यात येतं. प्रती मी सातच काढणार आहे. आठवी काढता येईल का? येईल. काढणार नाही, असा शब्द घेणाऱ्याला दिलेला आहे.

तुम्ही प्रोफाइलवर कोथरूड लिहिलंय. म्हणजे नदी ओलांडली की आमचं घर. या रविवारी सकाळी दहानंतर मी घरी आहे. भिडे पुलाची सरळ छापलेली प्रत आणि सहा सेकंदांची प्रत टेबलावर शेजारी शेजारी ठेवतो. खिडकीच्या उजेडात बघा, आणि त्यातली कुठली खोटी वाटते ते मला समोर सांगा.