१९६२ : ‘कुणी ब्रही काढला नाही’ हे खरं नाही

ऑक्टोबर आला की १९६२च्या चीन युद्धावरचा तो मजकूर पुन्हा फिरू लागतो : थागला रिजवरून (आजच्या अरुणाचलच्या सीमेवरची डोंगररांग) चिन्यांना हाकलण्याचा हुकूम आला आणि एकाही सेनाधिकाऱ्याने ब्र काढला नाही, सगळ्यांनी माना डोलावल्या. हे चुकीचं आहे.

२२ सप्टेंबरच्या बैठकीत लष्करप्रमुख थापर यांनी या कारवाईतला धोका मांडला होता. सरकार ठाम राहिलं, तेव्हा त्यांनी हुकूम लेखी मागितला. तो मिळाला, पण सही संरक्षण मंत्रालयातल्या एका सहसचिवाची! पंतप्रधान नेहरू आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन तेव्हा परदेशात होते. कागद हातात आल्यावर मात्र थापर यांनी तोच हुकूम खाली धाडला.

खाली ३३व्या कोअरचे (अनेक डिव्हिजनांची मोठी लष्करी तुकडी) प्रमुख लेफ्टनंट जनरल उमरावसिंग होते. त्यांनी रसद, तोफा, दारूगोळा किती लागेल ते मांडून आक्षेप नोंदवला. मग ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते क्षेत्रच त्यांच्याकडून काढून लेफ्टनंट जनरल कौल यांच्या नव्या चौथ्या कोअरला दिलं. थागलाच्या पायथ्याशी नामका चू नदीकाठी सुती गणवेशात कुडकुडणाऱ्या ७व्या ब्रिगेडचे ब्रिगेडियर दळवी यांचाही विरोध होताच. २० ऑक्टोबरला चिनी हल्ल्यात ब्रिगेड उद्ध्वस्त झाली, २२ ऑक्टोबरला दळवी कैद झाले.

थापर यांनी त्याच वेळी राजीनामा द्यायला हवा होता, असं कुणी म्हणत असेल तर म्हणावं. माझंही मत तेच आहे. पण तो आरोप वेगळा, आणि ‘सगळे गप्प बसले’ हा वेगळा.