‘जीन-एडिटिंगला सूट, मग एचटीबीटीला बंदी का?’

कपाशी लागवडीच्या तोंडावर चोपडा, शिरपूर, शहादा पट्ट्यात एचटीबीटीबद्दल, म्हणजे तणनाशक फवारूनही न मरणाऱ्या पण मंजुरी नसलेल्या कपाशीबद्दल, मोबाइलवर एक मजकूर फिरतो: ‘जीन-एडिटिंगला सरकारने सूट दिली, एचटीबीटी म्हणजे तेच तंत्र. निंदणी वाचते, बोंडअळी येत नाही, घरची सरकी पुन्हा लावली तरी चालते.’ यातलं निंदणीचं दुखणं खरं आहे, ऐन हंगामात मजूर मिळत नाहीत. जीन-एडिटिंगला सूटही आहे, पण ठरावीक प्रकारांपुरती. बाकीचं खरं नाही.

‘तेच तंत्र’ ही साफ चूक. एचटीबीटीत एका जिवाणूचं जनुक घातलेलं असतं, म्हणून ग्लायफोसेट हे तणनाशक फवारूनही झाड मरत नाही. केंद्राने ३० मार्च २०२२ ला सूट दिली ती जीन-एडिटिंगच्या एसडीएन-१ आणि एसडीएन-२ या प्रकारांना, म्हणजे पिकाच्या स्वतःच्याच जनुकात केलेल्या छोट्या बदलाला. तीही वाणात बाहेरचा डीएनए उरलेला नाही हे सिद्ध केल्यावर. बाहेरचं जनुक आलं की जनुकीय बदल केलेल्या जिवांसाठीचे १९८९ चे नियम लागतात आणि जीईएसी या केंद्राच्या समितीची मंजुरी लागते. बोंडअळीला मारणाऱ्या बीटी कपाशीपैकी बीजी-१ ला ती २००२ मध्ये मिळाली, बीजी-२ ला २००६ मध्ये. एचटीबीटीला मिळालेली नाही.

बोंडअळीचं म्हणाल तर तणनाशक सोसणाऱ्या जनुकाचा अळीशी संबंधच नाही. बीजी-२ च्या दोन्ही विषांना गुलाबी बोंडअळी सरावली आहे. पाकिटावर काहीही छापलेलं असो, डोमकळ्या, म्हणजे अळी शिरल्याने नीट न उमललेली फुलं, वेचाव्याच लागतात. एका कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन रात्री सरासरी आठ पतंग आले की फवारणीची वेळ झाली.

सर्वात मोठा फटका सरकीचा. संकरित कपाशीची सरकी पुन्हा लावली की गुण फुटतात. तणनाशक सोसणारं जनुक एकाच पालकाकडून आलेलं असेल, तर चारातलं साधारण एक झाड त्याच्याविना उगवतं. तणनाशक मारल्यावर आठ-दहा दिवसांत ओळीत मधूनमधून झाडं पिवळी पडून वाळतात, आणि तोवर नांग्या भरायची, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी लावायची, वेळ गेलेली असते. आंतरपीक तूर, उडीद असेल तर तेही जातं. वारा असला तर शेजारच्या केळीवर तुषार जातात. ग्लायफोसेटच्या लेबलवर कपाशीची शिफारस नाही, चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा एवढीच आहे.

नियमन रखडलंय हा राग मात्र रास्त आहे. शेतावरच्या चाचणीला राज्याचं ना-हरकत पत्र लागतं आणि तिथेच वर्षं जातात. जीएम (जनुकीय बदल केलेल्या) मोहरीच्या खटल्यात २३ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं फुटली, पण राष्ट्रीय धोरण हवं यावर दोघांचं एकमत झालं. तणनाशक सोसणारी कपाशी हवी असेल तर खुली चाचणी मागा, आकडे गावासमोर येऊ द्या. चोरट्या पाकिटाने यातलं काहीच होत नाही.

बियाणं पक्क्या बिलावर घ्या, बिलावर लॉट नंबर लिहून घ्या. बिल, रिकामं पाकीट आणि मूठभर बी शेवटच्या वेचणीपर्यंत जपून ठेवा. उगवण फसली तर तालुका तक्रार निवारण समिती पंचनाम्याला येते तेव्हा आधी हेच मागते.